जेसनमध्ये की आहे का बघताय? या चुका टाळा

जेसन म्हणजे नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांत डेटा लिहायची पद्धत, त्यातलं नाव म्हणजे की (key). जावास्क्रिप्टचा कोड रिव्ह्यूला आला ना, की ही ओळ हमखास सापडते: इफ (सेटिंग्ज.नोटिफाय). विचारलं तर उत्तर येतं, "की आहे का ते चेक करतोय." अरे बाबा, ते तू चेक करतच नाहीयेस! आतली व्हॅल्यू ट्रूदी (ट्रू धरली जाणारी) आहे का एवढंच बघतोयस. की आहे पण आत शून्य, फॉल्स, नल (मुद्दाम ठेवलेलं 'काही नाही') नाहीतर रिकामी स्ट्रिंग असेल तर तुझा कोड सरळ 'नाही' समजून पुढे जाणार.

एका प्रोजेक्टवर यावरून चांगलाच राडा झालेला. युजर नोटिफिकेशन बंद करायचे, स्क्रीनवर बंद दिसायचं पण, आणि मेसेज तरी येतच राहायचे. डेटाबेस बघितला तर फॉल्स नीट सेव्ह झालेलं. मग कॅशवर संशय, मग सर्व्हर रीस्टार्ट, मग क्यूमध्ये जुने जॉब अडकलेत का ते बघा, त्यात बॅकएंडवाले फ्रंटएंडकडे बोट दाखवणार आणि फ्रंटएंडवाले बॅकएंडकडे. शेवटी एकाने मेसेज पाठवणारा कोडच उघडला, तिथे सेटिंग्ज.नोटिफाय, पुढे दोन उभ्या दांड्या (||, म्हणजे 'नाहीतर हे घे') आणि ट्रू. की नसेल तर ट्रू धरायचं असा लिहिणाऱ्याचा हिशोब, पण फॉल्स आलं तरी उत्तर ट्रूच, म्हणजे त्या ओळीतून फॉल्स बाहेर पडूच शकत नव्हतं. दांड्या काढून दोन प्रश्नचिन्हं (??) टाकली, मिटलं. ती फक्त नल आणि अनडिफाइन्ड (व्हॅल्यू दिलेलीच नाही) असेल तरच डीफॉल्ट घेतात.

पण की नाहीये आणि की आहे पण आत नल आहे, यातला फरक प्रश्नचिन्हांनाही कळत नाही. जेसन मर्ज पॅचमध्ये (फक्त बदललेली फील्ड पाठवून डेटा अपडेट करायची पद्धत, आरएफसी ७३९६) नल म्हणजे फील्ड काढून टाका, आणि की आलीच नाही म्हणजे हात लावू नका. इथे गल्लत केलीत तर कुणाचा तरी फोन नंबर उडणार. मी डोळे झाकून ऑब्जेक्ट.हॅजओन(डेटा, 'फोन') लिहितो, ते व्हॅल्यू न बघता की आहे का एवढंच सांगतं, जावास्क्रिप्टच्या ईएस २०२२ आवृत्तीपासून आहे ते. जुनं हॅजओनप्रॉपर्टी थेट डेटावर कॉल करू नका, बाहेरून आलेल्या जेसनमध्ये त्याच नावाची की निघाली तर कोड तिथेच आपटतो.

की शोधायला 'इन' वापरणाऱ्यांनो, 'टूस्ट्रिंग' इन डेटा हे रिकाम्या ऑब्जेक्टवरही ट्रू येतं, कारण ते प्रोटोटाइपमध्येही (ऑब्जेक्टला आपोआप मिळालेल्या गोष्टींतही) शोधतं. आणि इफ (!'फोन' इन डेटा) लिहिणारे तर वेगळेच. उद्गारचिन्ह आधी 'फोन'ला लागतं, त्याचं फॉल्स होतं, आणि मग कोड 'फॉल्स' नावाची की शोधत बसतो. एरर काही येत नाही. कंस घाला, दोनच कॅरेक्टर लागतात! ईएसलिंट (कोडमधल्या चुका शोधणारं टूल) हे पकडतं, पण वॉर्निंग म्यूट करून बसलेल्यांना काय सांगणार.

पार्स न करता, म्हणजे ऑब्जेक्ट न बनवता, स्ट्रिंगवरच इनक्लूड्स मारून शब्द शोधणं: नको, तोच शब्द व्हॅल्यूमध्येही असू शकतो.

कॅपिटल-स्मॉल: जेसनला दोन्ही वेगळे, आधी रिस्पॉन्स प्रिंट करून बघा.

पायथनवाल्यांनी हसू नये, की वाचणाऱ्या गेटला डीफॉल्ट दिलं तरी की असून आत नल असेल तर पायथनचं नल म्हणजे नन्‌च मिळतं.

आणि क्रॅश झाला म्हणून जिथेतिथे प्रश्नचिन्ह-डॉट (?., आधीचं नल किंवा अनडिफाइन्ड असेल तर एरर न देता अनडिफाइन्ड देणारं) पेरणारे घाईवाले. क्रॅश थांबतो हो, पण कीचं स्पेलिंग चुकलं असेल तर तेही गपचूप अनडिफाइन्ड होऊन जातं. मी जी की हमखास यायलाच हवी तिच्यावर ते लावतच नाही, नसेल तर फुटू दे तिथेच, निदान लॉगमध्ये लाइन नंबर तरी मिळतो.