एचआरचं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी रजेच्या अर्जामागे एकदा फिरून पाहा

पोळ्याच्या आठ दिवस आधी आमच्या टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी-रजा पाहणाऱ्या ऑफिसच्या खिडकीवर रजेच्या अर्जांचा ढीग लागतो. कारखान्यात परमनंट लोक अठराशेच्या वर, ठेकेदारांचे वेगळे, आणि घरी आता बैलजोडी नसली तरी तान्ह्या पोळ्याला लेकरू नटवायचं असतंच ना जी. एका वर्षी त्यातले बरेच अर्ज एका सुपरवायझरच्या ड्रॉवरमधे दिवाळीनंतर सापडले, तोवर लोकांचे पगार कापून झाले होते आणि शिव्या खाल्ल्या आम्ही. मोठे साहेब म्हणाले ऑटोमेशन घ्या, घेतलं, आणि सहा महिन्यांत ते बंद पडलं, कारण आम्ही डेमो आधी पाहिला आणि आपल्याला काय पाहिजे हे नंतर शोधत बसलो. दुसऱ्या वेळेला उलटं केलं. ते कसं केलं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील.

सगळ्यात आधी कोणत्याच कंपनीला फोन करू नका. एक वही घ्या आणि कागदामागे फिरा, खरोखर पायी. एक रजेचा अर्ज, एक ओव्हरटाइमची स्लिप, एक नो ड्यूजचा, म्हणजे नोकरी सोडताना कोणाचं काही देणं नाही असं सांगणारा फॉर्म. कोणाच्या टेबलावर किती दिवस पडला, सही करणाऱ्याने त्यात पाहिलं काय, हे लिहा. आमचा रजेचा अर्ज कामगाराकडून सुपरवायझर, मग शिफ्ट इनचार्ज, मग खातेप्रमुख, मग टाइम ऑफिस, मग एचआर आणि शेवटी पगाराच्या एक्सेलमधे असा सहा हातांतून जात होता. खातेप्रमुखाला विचारलं, साहेब तुम्ही मागच्या वर्षी किती रजा नाकारल्या? ते हसले. एकही नाही. मग ती सही कशाला? ती पायरी आम्ही सॉफ्टवेअर यायच्या आधीच काढून टाकली. असं नाही केलं तर तोच फेरा आता मोबाइलवर होते, एवढाच फरक.

मग ठरवा की आधी काय ऑटोमेट करायचं. विकणारा तुम्हाला भरती, मूल्यमापन, ट्रेनिंग, सर्व्हे, वाढदिवसाचे मेसेज असं सगळं दाखवेल. तीनच कामं निवडा, जी रोज येतात किंवा ज्यात भांडण होते. आमची होती रजा-हजेरी दुरुस्ती, ओव्हरटाइमची मंजुरी आणि फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब.

फुल अँड फायनलवर जरा थांबतो कारण मोठ्या खात्याचं खरं दुखणं तिथं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड म्हणजे नवे कामगार कायदे लागू झालेत आणि त्यातल्या वेतन कोडप्रमाणे माणसाने राजीनामा दिला काय की त्याला काढलं काय, त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. आता स्टोअर, कॅन्टीन, क्वार्टर, सोसायटी, सिक्युरिटी, आयटी अशा सहा-सात सह्या एकामागून एक घेत गेलात तर दोन आठवडे कुठं गेले कळत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधे सगळ्यांना एकाच वेळी सूचना गेली पाहिजे, ज्याची सही राहिली त्याच्या वरच्याला ठरलेल्या तासांनी आपोआप कळलं पाहिजे, आणि सही करणारा स्वतःच गावी गेला असेल तर त्याचं काम दुसऱ्याकडं वळलं पाहिजे. हे तीन जमत नसेल तर ते वर्कफ्लो, म्हणजे काम आपोआप पुढं सरकवणं, नाही, नुसता ऑनलाइन फॉर्म आहे.

आता डेमो. इथं आम्ही पहिल्यांदा पार फसलो होतो, कारण डेमोतला माणूस नऊला येतो, पाचला जातो आणि एक दिवसाची रजा मागतो. असा माणूस आमच्या गेटच्या आत एकही नाही. तुमची सगळ्यात किचकट दहा प्रकरणं आधी कागदावर लिहा आणि समोरच चालवून दाखवा म्हणा. रात्री दहाला आलेला सकाळी सहाला गेला, त्याची हजेरी कोणत्या तारखेची? सुट्टीच्या दिवशी बोलावलेल्याची सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, कधीपर्यंत चालेल? रजा मंजूर झाली आणि मशीन बिघडली म्हणून अर्ध्यातून परत बोलावला, आता काय? ओव्हरटाइम दुप्पट दराने निघते काय? लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं आधारवरचं नाव वेगळं, पीएफच्या यूएएन नंबरावरचं वेगळं, ते कुठं अडकेल आणि कोणाला दिसेल?

एक सोपी परीक्षा माझी आवडती आहे. विचारा, महाराष्ट्रात फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स किती कापाल? महिन्याला २०० रुपये कापल्या जातात त्याचे फेब्रुवारीत ३०० होतात, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात, आणि महिलांना महिन्याच्या २५,००० पगारापर्यंत माफ आहे. विकणारा यावर अडखळला तर समजा त्याने आपल्या राज्यातला पगार कधी काढलेला नाही. आणि "ते पुढच्या व्हर्जनमधे येऊन राहिलं" असं म्हणाला तर ते नाही असंच लिहून घ्या.

डेमो चालू असतानाच माउस आपल्या टाइम ऑफिसच्या बाबूच्या हातात द्या. मंजुरीची एक पायरी त्याला स्वतः बदलून पाहू द्या. प्रत्येक बदलाला पुण्या-बंगलोरला मेल टाकावा लागत असेल, त्याचं वेगळं बिल येत असेल, तर मोठ्या कारखान्यात ते परवडत नाही, आमच्याकडं शिफ्टच वर्षातून दोनदा बदलते.

फोनचं पाहा. कामगाराचा फोन साधा, स्टोरेज भरलेलं, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती-कोरपन्याकडच्या गावात रेंज झाडाखाली आली तर आली. ॲप हलकं पाहिजे, मराठीत पाहिजे, रेंज नसताना अर्ज भरून ठेवता आला पाहिजे. ज्यांना ॲप नको त्यांच्यासाठी कॅन्टीनजवळ एक कियॉस्क लावा. आणि अंगठ्यावर पूर्ण भरवसा नको, सिमेंटमधे किंवा कापसाच्या गाठींवर काम करणाऱ्याच्या बोटाच्या रेषा मशीनला दिसतच नाहीत, चेहऱ्याचा किंवा कार्डाचा पर्याय मागा.

जुनी बायोमेट्रिक मशीन, पगाराचा प्रोग्रॅम, बँकेची फाइल, पीएफचं ईसीआर म्हणजे महिन्याचं ऑनलाइन विवरण, हे सगळं जोडल्या जाते काय ते तोंडी नको, करून दाखवा म्हणा. पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरावं लागते, तिथं "सर्व्हर डाउन" चालत नाही.

नावं विचाराल तर हैदराबादचे केका आणि डार्विनबॉक्स, बंगलोरचं ग्रेटएचआर, चेन्नईचं झोहो पीपल, आणि अकाउंट्स आधीच सॅपवर असेल तर सॅपचंच सक्सेसफॅक्टर्स, एवढे तरी पाहावेत. मी कोणाची दलाली करून नाही राहिलो, तुमची दहा प्रकरणं जो चालवून दाखवेल तो तुमचा.

भाव बहुतेक ठिकाणी माणशी दरमहा असतो. मग ठेक्याचे कामगार त्यात मोजणार काय, सोडून गेलेले किती महिने मोजणार, बसवून देण्याचे वेगळे किती, जीएसटी धरून काय, हे करारात आलं पाहिजे. डेटा सोडताना कोणत्या फॉरमॅटमधे आणि किती दिवसांत परत मिळेल हेही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मधे आला आहे, त्यात सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, आणि लोकांचे आधार, बँक खाते आपणच गोळा केलेले आहेत.

शेवटी ट्रायल. पोळा, दिवाळी, कापूस वेचणीचे दिवस सोडा, कारण तेव्हा अर्धं खातं रजेवर असते. एकच खातं घ्या, दोन महिने पगार जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतीने काढा आणि एकेका माणसाचा फरक जुळवा. खातं निवडताना सगळ्यात जास्त कुरकुर करणारं घ्या. आम्ही पॅकिंग घेतलं. तिथल्या एका काकाजींनी पहिल्याच आठवड्यात येऊन विचारलं, "रजा तर मंजूर झाली बापू, पण आता मले जायचं नाही, रद्द कुठून करू?" बटनच नव्हतं. तीन डेमो झाले होते, आठ साहेब बसले होते, कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.