सोमवतीला जेजुरीला निघताना: कोणता रंगीत रोल घ्यावा

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते, तेव्हा जेजुरीत भंडारा उधळला जातो आणि कितीतरी वेळ हवेतच तरंगत राहतो. तो पिवळा फिल्मवर उतरवायचा असेल तर तयारीची सुरुवात लॅबपासून करा. रंगीत निगेटिव्ह सी-४१ या रासायनिक पद्धतीनं धुतात, स्लाइड (जिच्यावर चित्र उलटं न उमटता थेट खऱ्या रंगांत उमटतं ती फिल्म) ई-६ नं. ई-६ करणाऱ्या लॅब फार थोड्या, तेव्हा आधी फोन करून विचारा, मगच रोल घ्या. खरं तर जेजुरीला स्लाइड नेऊच नये असं माझं मत आहे. वेल्व्हिया ५० या स्लाइड फिल्मचे रंग देखणे, पण एक्सपोजर थोडं चुकलं की फ्रेम गेली. आणि तिथे पायऱ्यांवर कडक ऊन, तर कमानीखाली काळोखी सावली.

निगेटिव्हमध्ये एकटार १०० हळदीचा रंग भरभरून देतो, चित्रातला दाणाही अगदी बारीक, पण उन्हानं रापलेले चेहरे लालसर करतो. मला चेहरे महत्त्वाचे वाटतात, म्हणून मी पोर्ट्रा ४०० घेतो. बजेट कमी असेल तर गोल्ड २०० घ्या. तो मुळातच उबदार आहे. छत्तीस फ्रेमचे तीन रोल पुरतात. रोल फ्रिजमध्ये असतील तर आदल्या रात्रीच बाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबी उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

प्रकाश मोजणाऱ्या मीटरकडे नीट लक्ष द्या. उन्हात चमकणारा भंडारा फ्रेमभर असला की मीटर फसतं, कमी प्रकाश देतं आणि माणसं काळवंडतात. पोर्ट्रा ४०० असला (आकडा म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता, आयएसओ) तरी मी मीटरवर २०० लावतो. एक स्टॉप जास्तीचा, म्हणजे दुप्पट, प्रकाश निगेटिव्ह आरामात पेलते. कडक उन्हात लेन्सच्या एफ ११ छिद्राला १/५०० सेकंदाचा शटर मिळतो, तेवढ्यात उडालेली मूठ थांबते.

लेन्सवर यूव्ही फिल्टर हवाच. हळद फडक्यानं पुसू नका, रबरी ब्लोअरनं उडवा. रोल गर्दीत बदलू नका, आडोशाला जा: फिल्म जिथून बाहेर येते त्या रोलच्या मखमली फटीत कण अडकला तर पुढच्या सगळ्या फ्रेमवर ओरखडा उठतो.

आणि भंडारा उधळण्याआधी, त्याच उन्हात, ग्रे कार्डाची (रंग जुळवण्यासाठीच्या करड्या पुठ्ठ्याची) एक फ्रेम घेऊन ठेवा. माझा पहिला रोल स्कॅन होऊन आला तेव्हा पिवळा फिका पडला होता आणि पायऱ्या निळसर दिसत होत्या. स्कॅनरच्या आपोआप दुरुस्तीनं हळदीलाच रंगदोष समजून निळा वाढवला होता. फार वाईट वाटलं. तेव्हापासून रोलसोबत चिठ्ठी देतो: ऑटो कलर बंद ठेवा, रंग ग्रे कार्डाच्या फ्रेमवरून जुळवा. निगेटिव्हही आठवणीनं परत मागून घेतो. तो रोल नंतर दुसरीकडे पुन्हा स्कॅन करून घेतला, तेव्हा हळद होती तशीच निघाली.