ऑनलाइन छळावर थ्रिलर लघुपट करताय? आधी या चुका टाळा

गणपती आटोपले, पावसाचा जोर ओसरला की आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत लघुपटांची गडबड सुरू होते. गेली काही वर्षं मी या मुलामुलींच्या संहिता वाचते, शूटला सोबत जाते, एडिटला शेजारी बसते. ऑनलाइन छळ हा विषय त्यांना मनापासून करायचा असतो. वर्गातल्या कुणाच्या तरी नावाने फेक अकाउंट निघालेलं असतं, कुणाचा तरी स्क्रीनशॉट गावभर फिरलेला असतो. इतका जवळचा विषय असूनही फिल्म बघताना ती दुसऱ्याच कुणाची वाटते. हे का होतं आणि ते कसं टाळता येईल, ते लिहिते आहे.

भीती चुकीच्या खोलीत शोधणं

बहुतेक संहिता एकाच दृश्याने उघडतात. अंधारी खोली, काळी हुडी, लॅपटॉपवर धावणारी हिरवी अक्षरं. मग दहा मिनिटं 'हा कोण?' आणि शेवटी हुडी खाली. हे दृश्य मुलांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं, गावात कधीच पाहिलेलं नसतं.

आपल्याकडे त्रास देणारा अनोळखी नसतो. तो त्याच एसटीने येतो, दोन बाकं मागे बसतो, गणपतीत तिच्या घरी आरतीला येऊन प्रसाद घेऊन गेलेला असतो. म्हणून 'हा कोण?' यापेक्षा 'हे कोणाकोणाला माहीत होतं?' हा प्रश्न जास्त भीतिदायक आहे. पटकथा त्या प्रश्नावर उभी करा.

अकरावीतल्या एका मुलीने वहीत दोन ओळी लिहून आणल्या होत्या. रात्री वर्गाच्या ग्रुपवर एक फोटो पडतो. जिचा फोटो आहे तिच्या वाडीत रेंज नाही, घर खाली वहाळाच्या काठाला, रेंज वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर. सकाळी ती दप्तर घेऊन पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायला लागते. फोटो प्रेक्षकाने पाहिलेला आहे. दुकानाच्या फळीवर बसलेल्या पोरांनी पाहिलेला आहे. स्टॉपवर उभ्या मैत्रिणींनीही. तिने मात्र नाही. ती एकेक पायरी चढते, आणि शेवटच्या वळणावर हातातला फोन थरथरतो. एकदा, तीनदा, मग थांबतच नाही.

ग्रुपने हा सीन पहिल्याच खर्ड्यात काढून टाकला, कारण त्यात 'थ्रिल नव्हतं'. माझ्या मते अख्ख्या संहितेत खरं थ्रिल तेवढंच होतं. धक्का एका क्षणात संपतो. प्रेक्षकाला आधी कळलं आणि पात्राला कळायचं आहे, तर तीच पाखाडी दोन मिनिटं श्वास रोखून बघितली जाते.

आठ-दहा मिनिटांच्या फिल्मला तीन पात्रं पुरतात: जिला त्रास होतो ती, त्रास देणारा, आणि सगळं बघून गप्प राहणारा तिसरा. तिसऱ्याला विसरू नका. हसण्याची इमोजी टाकून फोन खिशात ठेवणारा तोच असतो, आणि तुमचे बहुतेक प्रेक्षकही कधी ना कधी त्याच्या जागी राहिलेले असतात.

सायबर सेलवाला एका मिनिटात पत्ता शोधतो

असं होत नाही. तक्रार नोंदवावी लागते, पोलिसांना त्या कंपनीकडे माहिती मागावी लागते, ती यायला वेळ लागतो. हा मधला काळ तुमच्या फिल्मचा शत्रू नाही. तक्रार दिल्यानंतर त्याच वर्गात जाऊन बसावं लागणं, ही स्वतंत्र थ्रिलर आहे.

संहितेतला इन्स्पेक्टर अजूनही '६६ अ कलम लावतो' म्हणतो. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातली तुमच्या कामाची कलमं वेगळी आहेत. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड चोरणं ६६ क मध्ये येतं, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं ६६ ड मध्ये, आणि संमतीशिवाय खासगी अवयवांचे फोटो काढणं किंवा पसरवणं ६६ इ मध्ये. एखाद्या मुलीच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात पाठलाग म्हणून येतं. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे संवादात 'आयपीसी' (जुनी भारतीय दंड संहिता) म्हणवू नका. खरं तर कलमाचा आकडा संवादात नसला तरी चालतं. तो चुकीचा असेल तर मात्र चालत नाही.

शेवटच्या पाटीवर सगळे १९३० हा नंबर टाकतात. तो मुख्यतः ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. मुलांसाठी १०९८ आहे, मनावर ताण आला असेल तर टेलि-मानसचा १४४१६ आहे, आणि छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पाटी किमान आठ सेकंद ठेवा. ज्याला गरज आहे त्याला नंबर उतरून घेता आला पाहिजे.

फोनची स्क्रीन

या विषयात निम्मी फिल्म स्क्रीनवर घडते आणि नेमकी तिथेच फजिती होते.

स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसत असतील तर कॅमेरा ऑटोवर आहे. प्रो मोड किंवा मॅन्युअल अ‍ॅप घ्या, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटची थरथरही याने जाते. तरीही पट्टे राहिले तर जो फोन दाखवायचा आहे त्याचा ब्राइटनेस अर्ध्याच्या वर न्या. कमी ब्राइटनेसला अनेक स्क्रीन खूप वेगाने उघडझाप करतात, डोळ्याला ते कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. स्क्रीन आता फार उजळ वाटली तर खोलीतला उजेड वाढवून तिच्या बरोबरीला आणा. अक्षरांवर जाळीसारख्या लाटा दिसल्या तर फोन किंचित तिरका करा, नाहीतर कॅमेरा थोडा मागे घ्या.

एडिटमध्ये मेसेज चिकटवू म्हणून फोनवर हिरवा रंग ठेवतात. मग तो हिरवा उजेड मुलीच्या चेहऱ्यावर पडतो आणि काही केल्या निघत नाही. खोटी चॅट प्रेझेंटेशनमध्ये बनवा, चित्र म्हणून फोनमध्ये टाका, फोन फ्लाइट मोडवर ठेवा. अ‍ॅपचं नाव आणि रंग तुमचे स्वतःचे. मोबाइल नंबर दाखवूच नका, फक्त सेव्ह केलेलं नाव. दहा आकडे मनाने लिहिले तरी ते कुणाचे तरी असू शकतात.

मेसेज मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ शॉट धरा. आपली मुलं मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात, तसंच दाखवलं तर खरं वाटतं, पण गावच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या आजीला ते वाचता येत नाही. एखादा मेसेज मैत्रीण वाचून दाखवते असा सीन ठेवा. स्वतःबद्दल लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं तसंही जास्त लागतं.

शूटसाठी खरं फेक अकाउंट उघडू नका. एका ग्रुपने उघडलं, त्यावर भूमिका करणाऱ्या मुलीचा फोटो टाकला आणि दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी मुंबईहून तिच्या मामाचा फोन तिच्या आईला आला. फिल्मचं शूट आहे हे पटवून देईपर्यंत त्या घरातली एक रात्र फार वाईट गेली.

'कट' झाल्यानंतर

लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे. एका शूटला मी स्वतः हजर होते. संहितेत नायिकेला ग्रुपवर 'सुकट' म्हणून चिडवतात. भूमिका करणारी मुलगी खरोखरच बारीक होती, म्हणून तर तिला घेतलं होतं. दुपारी जेवायला बसलो असताना कुणीतरी म्हणालं, "सुकट, जरा पाणी दे." सगळे हसले. तीही हसली, तांब्या पुढे केला. मी भाताचा घास घेत होते, मला ते ऐकू आलं आणि मी काही बोलले नाही.

फिल्म छान झाली. महिन्याभराने तिची आई भेटली, तेव्हा कळलं की वर्गात तिला तेच नाव पडलंय आणि ती सकाळी पोटात दुखतंय म्हणून घरी राहते. आमच्या संहितेतल्या मुलीसारखीच.

तेव्हापासून काही गोष्टी मी शूटच्या आधी ठरवून घेते. शिवीचा शब्द भूमिका करणाऱ्याच्या अंगकाठीला, रंगाला, जातीला, घरच्या धंद्याला लागू होणारा नको. तो शब्द निवडताना ती स्वतः बसलेली हवी आणि तिला 'हा नको' म्हणता आलं पाहिजे. पात्राचं नाव टेकपुरतं. कट म्हटलं की खरं नाव. यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमा, शक्यतो दिग्दर्शक सोडून, कारण दिग्दर्शकाचं डोकं पुढच्या शॉटमध्ये असतं. तिच्या रडण्याचे जादा टेक कुणाच्याही वैयक्तिक फोनमध्ये राहता कामा नयेत. फुटेज एका हार्ड डिस्कवर, आणि त्या डिस्कची जबाबदारी एकाकडे.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्या. त्यांना पूर्ण संहिता वाचायला द्या, फक्त त्यांच्या मुलीचा सीन नको. त्रास देणाऱ्याची भूमिका करणाऱ्या मुलाच्या घरीही जा. त्यालाही गावात राहायचं आहे.

समुद्र तुमच्या वेळापत्रकाने चालत नाही

संध्याकाळी किनाऱ्यावरचा सीन अर्धा झाला, उरलेला पुढच्या रविवारी त्याच वेळेला करू म्हणून आलात, तर पुळण (वाळूचा पट्टा) गायब. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. आज पाचला भरती असेल तर उद्या पावणेसहाच्या पुढे, आणि आठवड्याने पाच वाजता जवळजवळ ओहोटी. साधारण पंधरवड्याने घड्याळ आणि पाणी पुन्हा जुळतं. उरलेला शॉट दुसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं उशिरा घ्या म्हटलं तर पाणी जुळेल, पण उजेड गेलेला असेल. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो आणि त्यानंतर कामाचा उजेड वीस-पंचवीस मिनिटंच. म्हणून किनाऱ्यावरचा सीन एका बैठकीत संपेल एवढाच लिहा. तिथी बघून जा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खडकावर ट्रायपॉड लावू नका. गावातल्या एखाद्या मासेमाराला आधी विचारलंत तर तो वेळ तोंडपाठ सांगेल.

हर्णै किंवा मिरकरवाड्याची बंदरातली गजबज हवी असेल तर १ जून ते ३१ जुलै सोडून बघा. यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत आणि जुलै २०२५ पासून जागतिक वारशातही. तिथे शूटची परवानगी आधी काढावी लागते. खरं सांगायचं तर या विषयाला किल्ला लागतच नाही. माजघर, पाखाडी, एसटी स्टँड, झेरॉक्सचं दुकान पुरे. ड्रोन तर नकोच.

सुरूच्या बनात संवाद घेऊ नका. दिसतं सुंदर, पण ती झाडं वाऱ्यात शिटी घालतात आणि तो आवाज एडिटमध्ये निघत नाही. माइकला वारा अडवणारं केसाळ कव्हर (फर) लावा, आणि प्रत्येक जागेचा कुणीही न बोलता तीस सेकंद आवाज घेऊन ठेवा. मेसेजच्या टिंग-टिंगपेक्षा स्टीलच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरताना जो आवाज करतो तो वापरून बघा. रात्रीच्या स्वयंपाकघरात तो ऐकला की अंगावर काटा येतो.

रात्रीचं शूट असेल तर वस्तीची गाडी (गावात रात्री मुक्कामाला येणारी एसटी) कितीला येते ते वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहा. मुली घरी कशा पोहोचणार हे ठरलं नसेल तर तो सीन दिवसा करा.

कड्यावरच्या चपला

शेवट सुचला नाही की मुलं हाच शॉट लिहितात: कडा, खाली लाटा, काठावर दोन चपला. कृपा करून हा शेवट करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सिनेमा-नाटकवाल्यांसाठी आत्महत्येच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शिका काढली आहे. पद्धत आणि जागा दाखवू नका, आत्महत्या हा सुटकेचा मार्ग म्हणून दाखवू नका, मदत मागणारी आणि त्यातून तगून जाणारी माणसं दाखवा, असा तिचा रोख आहे. तुमच्या प्रेक्षकांत कुणीतरी त्याच अवस्थेत बसलेलं असू शकतं, आणि तो कडा त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

थ्रिलर तरीही घट्ट संपवता येते. ती मेसेज पुसत नाही, फोन तसाच ठेवते, तारखेसकट सगळे स्क्रीनशॉट काढते आणि दुसऱ्या दिवशी त्या गप्प राहिलेल्या तिसऱ्याच्या समोर जाऊन बसते. "तुका म्हायत होता मा?" (तुला माहीत होतं ना?) एवढाच प्रश्न. तो काय उत्तर देतो यावर कट करायचा की उत्तर ऐकवायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. संवाद मात्र ज्या गावात शूट करताय तिथल्या बोलीत ठेवा. मालवणात राहणारी मुलगी चिडल्यावर पुण्याचं मराठी बोलत नाही.

फिल्म तयार झाली की पहिला खेळ फक्त भूमिका केलेल्या मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. त्यांनी एखादा शॉट काढा म्हटलं तर काढा. मग कॉलेजमध्ये दाखवा आणि नंतर अर्धा तास सर किंवा मॅडम थांबतील असं बघा, कारण फिल्म संपल्यावर कुणीतरी हमखास मागे रेंगाळतं. यूट्यूबवर टाकताना कमेंट बंद ठेवा. आणि थंबनेलला तिचा रडणारा चेहरा लावू नका, तो कापून स्टिकर बनवायला कुणालाही एक मिनिट पुरतं. फोन धरलेला हात लावा, नाहीतर ती पाखाडी.