अनुदान कुणाला मिळालं, हे मोजायचं कसं

माझं नाव किरण. नावावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने मला पुरुष ठरवलं, तेही माझ्याच मोजणीत! अमेरिकेतल्या स्त्रीरोग विभागांत एनआयएचचा (तिथल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा) पैसा बायकांना किती, पुरुषांना किती, नुसत्या एमडींना किती आणि पीएचडीवाल्यांना किती, हे मी मोजत होते.

यादी फुकट मिळते. एनआयएच रिपोर्टर या अनुदानांच्या वेबसाइटवर विभाग आणि आर्थिक वर्ष निवडा (तिथलं २०२३ हे १ ऑक्टोबर २०२२ लाच सुरू झालं) आणि एक्सेलमध्ये उतरवून घ्या.

या यादीत लिंगही नसतं, पदवीही नसते. दोन्ही रकाने हाताने भरायचे. प्रत्येकाचं विद्यापीठातलं पान उघडून इंग्रजीतलं ‘शी’ (ती) लिहिलंय की ‘ही’ (तो) ते बघायचं. किरण, सुहास, शशी दिसले की सॉफ्टवेअर बंदच करा. पदवीचे गट तीन: एमडी, पीएचडी, दोन्ही. आपल्याकडून गेलेले एमबीबीएस एमडीत धरा. ‘डॉक्टर’ शब्दावर जाऊ नका. बाळंतपणं करणारीही डॉक्टर आणि उंदरांवर काम करणारीही.

मी सगळ्यात जास्त फसले ती के१२ मध्ये, म्हणजे नवे संशोधक घडवायला संस्थेला मिळणाऱ्या अनुदानात. त्यातलीच डब्ल्यूआरएचआर ही योजना १९९८ पासूनची, तरुण स्त्रीरोगतज्ज्ञांना संशोधनाला वेळ मिळावा म्हणून. पण अनुदान विभागप्रमुखाच्या नावावर येतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची डॉक्टरीण पाऊण वेळ त्याच पैशावर संशोधन करायची. माझ्या तक्त्यात ती शून्य आणि साहेब मालामाल. के१२ वेगळ्या पानावर काढा.

मुख्य संशोधक दोन असतील तर दोघांची नावं घ्या. मोठ्या अनुदानाची मूळ ओळ आणि उपप्रकल्प दोन्ही बेरजेत धरू नका, पैसा दोनदा मोजला जातो.

आता छेद, म्हणजे आकड्यांची गटवार फोड. आर०१ (स्वतःच्या प्रकल्पाचं मोठं अनुदान) वाल्यांत निम्म्या बायका दिसल्या तेव्हा साहेब म्हणाले, “झालं की बरोबर!” अहो, या शाखेत शिकणाऱ्या दर पाचांत चाराहून जास्त मुली आहेत. प्रोफेसरांची तुलना प्रोफेसरांशी, असिस्टंटांची असिस्टंटांशी करा. आणि बायका-पुरुष असे दोनच गठ्ठे नकोत. तिन्ही पदवी-गटांत बायका-पुरुष वेगळे काढून सहा करा, नाहीतर पीएचडीवाल्या बायकांच्या अनुदानाखाली एमडी बायकांची चणचण झाकली जाते.

माझी ओळ मी दुरुस्त केली: स्त्री, पीएचडी, आर०३ (छोटं अनुदान), दोन वर्षं.