फॉईलवाली शिडाची बोट: जोडणी वाळूवर, उड्डाण झुआरीत

मी आधी पाचेक वर्षं साधी लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट, चालवायचो, त्यामुळे वाटलं की फॉईलवाली, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर वर उचलली जाणारी बोट काय, आठवडाभरात जमेल. पहिले दोन महिने मी बोटीवर कमी आणि पाण्यात जास्त होतो. नंतर एक एक आपटणं आठवून बघितलं तर लक्षात आलं, निम्म्याहून जास्त वेळा घोळ पाण्यात झालाच नव्हता, तो आधीच वाळूवर झालेला, काहीतरी घट्ट करायचं राहिलेलं नाहीतर उलटं बसलेलं. म्हणून इथे जोडणीवरच जास्त लिहितोय, चालवण्याचं नंतर.

माझी बोट मॉथ जातीची, जुनी, सेकंडहँड. मॉथची सुरुवात ऑस्ट्रेलियात १९२८ साली झाली, तेव्हा अर्थात साधी लाकडी होडी होती, पाण्याखालचे पंख फार नंतर आले. लांबी ३.३५५ मीटर, दोन्ही बाजूच्या विंग, म्हणजे बसायच्या चौकटी, धरून रुंदी जास्तीत जास्त २.२५ मीटर, आणि मधली हल, म्हणजे बोटीचं मूळ अंग, इतकी अरुंद की उभं राहून बघितलं तर कुणीतरी फळी पाण्यात सोडलीय असं वाटतं. खाली उलट्या टी अक्षरासारखे दोन फॉईल, एक मधोमध, दुसरा मागे रडरच्या, म्हणजे सुकाणूच्या, तळाला. पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट घन असल्याने एवढेसे पंखसुद्धा तुम्हाला आणि बोटीला उचलतात. वेग दुप्पट झाला की उचल चौपट, म्हणून बोट हळूहळू वर येत नाही, एकदम येते, आणि नवीन माणूस तिथेच गडबडतो.

आता जी गोष्ट समजल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही ती म्हणजे वाँड. बोटीच्या नाकावरून एक बारीक काठी पाण्यात लोंबकळत असते, बैलाच्या शेपटीसारखी, फक्त पुढच्या बाजूला. बोट खाली असली की पाणी या काठीला मागे रेटतं, त्या हालचालीने आतला रॉड ढकलला जातो आणि मधल्या फॉईलच्या मागच्या कडेचा फ्लॅप, म्हणजे हलणारी पट्टी, खाली झुकतो, म्हणजे उचल वाढते. बोट वर आली की काठी पाण्यातून सुटत जाते, बंजी, म्हणजे ताणणारी रबरी दोरी, तिला पुढे ओढते, फ्लॅप वर होतो, उचल कमी. बस, एवढंच. यात बॅटरी नाही की सेन्सर नाही, एक काठी, एक रबर आणि दोन-तीन सांधे, आणि तुमची सगळी उंची त्यांच्या भरवशावर.

जोडायला जागा निवडताना झाड बघा, पण माडाखाली नको. हसू नका, आमच्याकडे गोव्यात गाड्यांच्या काचा नारळांनी फुटलेल्या आहेत आणि कार्बनची हल काचेपेक्षा काही फार दणकट नसते. खाली जुनी चटई किंवा दोन गोणपाटं टाका. आधी विंग आणि त्यांच्यावरचं बसायचं कापड, म्हणजे ट्रॅम्पोलिन, लावून ताणून घ्या, ट्रॅम्पोलिनची दोरी ढिली राहिली तर बसल्यावर मागचा भाग झोळीसारखा खाली जातो आणि वळताना पाण्यात घासतो. मास्ट, म्हणजे डोलकाठी, दोन तुकड्यांचा असेल तर सांधा ओल्या फडक्याने पुसून मगच बसवा, मिरामारची ती पिठासारखी वाळू एकदा आत गेली की संध्याकाळी दोघांनी ओढूनसुद्धा मास्ट सुटत नाही. सांध्यावर टेपचे दोन वेढे मारा. शीड मास्टवर मोज्यासारखं चढतं, बॅटन, म्हणजे शिडातल्या आडव्या पट्ट्या, सगळे आधी घालून घ्या पण ताण नंतर द्या. मग बोट आडवी करायची, एका विंगवर टेकवून, मास्टचं टोक वारा जिकडे जातो तिकडे ठेवायचं, म्हणजे हल वारा येतो त्या बाजूला आणि शीड पलीकडे. उलटं केलंत तर वारा शिडाखाली शिरेल आणि तुम्ही चहा पीत असताना बोट स्वतःहून उभी राहील. आडव्या बोटीतच मास्ट बसवून मास्टला धरणाऱ्या तारा, म्हणजे दोन्ही बाजूंचे श्राउड आणि पुढची स्टे, लावा, पिनेतली रिंग बसली का ते नुसतं बघू नका, नख लावून फिरवून बघा. बूम (शिडाखालचा आडवा दांडा), मेनशीट (शीड ओढायची-सोडायची दोरी, पुढे नुसतं शीट), व्हँग (बूम खाली ओढणारी दोरी), कनिंगहॅम (शिडाची पुढची कड ताणणारी दोरी) यात काही विशेष नाही, लेझर केलेल्याला जमतं, फक्त व्हँग इथे लेझरपेक्षा बरीच जोरात ओढावी लागते.

फॉईल अगदी शेवटी. कव्हर शेवटच्या मिनिटाला काढा कारण मागची कड खरंच सुरीसारखी असते, शेजारचं एखादं पोर कुतूहलाने हात लावणारच. उभा दांडा खालून खाचेत सरकवायचा, वर पिन घालायची, रॉड जोडायचा. रॉडच्या टोकाला जो छोटा नट असतो तो पान्याने घट्ट करायचा, बोटांनी नाही.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण मार्चमधल्या एका दुपारी मी तो बोटांनी केला होता. दहा मिनिटं मस्त गेली, मग रॉड स्वतःभोवती फिरत फिरत लांब झाला, फ्लॅप खालीच राहिला, बोट वर जातेय, जातेय, मला वाटलं वा काय उडतोय, आणि फॉईल पाण्याबाहेर आला. उचल गायब, नाक खाली, आणि मी श्राउडवरून पुढे. बरगडी तीन आठवडे दुखत होती, शिंक आली की डोळ्यात पाणी.

तेव्हापासून पाण्यात शिरायच्या आधी हे करतोच: बोट आडवी असतानाच एका हाताने वाँड हलच्या तळाकडे मागे दाबायची, दुसऱ्या हाताची बोटं फ्लॅपवर. फ्लॅप खाली झुकला पाहिजे, म्हणजे बोट उभी असताना जो तळ असेल त्या बाजूला, आडव्या बोटीत इथे हमखास गोंधळ होतो. वाँड सोडली की बंजीने ती खटकन पुढे आली पाहिजे आणि फ्लॅप परत गेला पाहिजे. मध्ये अडखळत असेल, करकरत असेल, तर वाळूच आहे, गोड्या पाण्याची बाटली ओता. हे दहा वेळा करा. करंझाळ्याच्या किनाऱ्यावर रापणीने मासे धरणारे एक आजोबा रोज माझं हे चाललेलं बघायचे आणि विचारायचे, "विमान केन्ना सुटतलें रे बाब?" (विमान कधी सुटणार रे बाबा?)

आता जागा आणि वेळ. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना, तेच. सकाळी जमिनीवरून हलका वारा, मध्ये तासभर सगळं ठप्प, मग दुपारी एकच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा धरतो आणि तीन ते पाचमध्ये भरात असतो. शिकायला १० ते १२ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) बरे, त्याहून कमी असेल तर नवख्याला उचलायचं जमत नाही, १६ च्या वर गेला तर किनाऱ्यावर बसून शहाळं प्या. जून ते सप्टेंबर विषयच नाही. मिरामार-करंझाळ्याला किनारा उथळ आणि लाटा समोरून फुटतात, एक मीटर खोल फॉईल घेऊन तिथून निघणं म्हणजे वाळू नांगरणं. मांडवीत फेरी, कॅसिनो आणि क्रूझ बोटींची वर्दळ, तिकडे नको. मला दोनापावलच्या आतली, झुआरी नदीकडची बाजू आवडते, काबोचा डोंगर आड येतो म्हणून पाणी सपाट, उडायला सपाट पाण्यासारखं सुख नाही. पण तिथे एक मेख आहे. वारा किनाऱ्यावरून बाहेर जातो, म्हणजे काही तुटलं तर तुम्ही परत येत नाही, मुरगाव बंदरातल्या जहाजांच्या दिशेने जाता, आणि ओहोटी असेल तर सरळ समुद्रात. म्हणून भरती चढत असताना निघा, सोबत मोटरची बोट किंवा निदान कायाकवाला मित्र असू द्या, किनाऱ्यावर कुणाला तरी वेळ सांगून जा. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, कोस्ट गार्डचा १५५४ नंबर सेव्ह केलेला. लाईफ जॅकेट, हेल्मेट, शिट्टी, दोरी कापायला छोटा चाकू, आणि पूर्ण लांब लेगिंग्ज, थंडीसाठी नाही, फॉईलपासून पोटऱ्या वाचवायला.

निघताना बोट आडवीच धरून छातीभर पाण्यात चालत जायचं, पायात बूट हवेत, खडकावरची कालवं तळवा उभा चिरतात. मग मधल्या फॉईलच्या दांड्यावर वजन देऊन बोट उभी करायची आणि त्याच झटक्यात विंगवर चढायचं. थांबलेली मॉथ तोल धरत नाही, उभ्या सायकलसारखी आडवी होते, त्यामुळे लगेच शीट ओढून चालू पडा.

उचलायला वारा बाजूने घ्या, थोडा मागून चालेल. विंगवर बाहेर बसा, थोडे मागे. बोट स्वतःच्या अंगावर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, किंचित कललेली हवी, हे लेझरसारख्या साध्या डिंगीच्या अगदी उलट आणि पचायला सगळ्यात जड, माझं शरीर महिनाभर ऐकतच नव्हतं. मग शीट दोन-तीनदा जोरात खेचा. आधी खळखळाट वाढतो, मग एकदम आवाज बंद. तो बंद झाला की समजा वर आलात. इथे सगळे जण शीट सोडतात आणि धपकन खाली येतात. उलट ओढा, कारण वेग वाढला की वारा पुढून लागायला लागतो. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, बोटभरच हलवा. फार वर जातेय वाटलं तर जरा पुढे सरका, नाक डुबतंय वाटलं तर मागे. टॅक, जाईब वगैरे (शीड एका बाजूकडून दुसरीकडे नेणारी वळणं) पहिले काही आठवडे खाली उतरूनच करा, उतरताना शीट हळूहळू सोडायची.

पडणार हे नक्की, तर मागे किंवा बाजूला पडा, श्राउडला लटकू नका, आणि बोट सोडू नका. ती तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने वाहून जाते, मी एकदा दोन हातांवर असलेल्या बोटीमागे वीस मिनिटं पोहलोय. जाळ्यांचे फ्लोट दिसले की लांबून वळसा, दोन फ्लोटांच्या मधून जायचा मोह नको, मध्ये दोरी असतेच. आणि चांगली चाललेली बोट अचानक जड झाली, थरथरायला लागली तर तुमची चूक शोधत बसू नका, फॉईलला प्लास्टिकची पिशवी अडकलीय. थांबा, बोट आडवी करा, हाताने काढा.

परत आल्यावर उलट्या क्रमाने, सगळ्यात आधी फॉईलना कव्हर. मग गोडं पाणी भरपूर, विशेषतः रॉडचे सांधे आणि कार्बनला जिथे ॲल्युमिनियम भिडतं तिथे, आपल्या खाऱ्या उकाड्यात ती जागा पांढरी पडून महिन्याभरात खायला लागते, स्टीलच्या स्क्रूला जरा ग्रीस लावून ठेवा. बंजी दर मोसमाला नवीन घ्या, म्हापशाच्या बाजारात मीटरवर मिळते, वाँडला पुरेल तेवढी घेतली तर चहापेक्षा फार महाग पडत नाही.