कॅज्युअल्टीत निरीक्षण करणार असाल तर तिसरा रकाना आखा

नर्सिंगच्या प्रबंधासाठी निरीक्षण करायचं तर टूल (नोंदीचं साधन), व्हॅलिडिटी (ते हवं तेच मोजतं का), पायलट (आधीची छोटी चाचणी) हे सगळं एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात झालेलं असतं, त्यात शिरत नाही. खरा घोळ चेकलिस्टच्या रिकाम्या चौकटीत होतो.

हातांची स्वच्छता हाच विषय घ्या. ‘केले’ आणि ‘केले नाही’ असे दोनच रकाने आखलेत. अपघाताचा रुग्ण आला, ट्रॉलीभोवती पाच जण, पडदा ओढलेला. सलाईन लागलेलं दिसतं, म्हणजे संधी, हात स्वच्छ करायलाच हवेत असा क्षण, नक्की होती. त्याआधी सिस्टरने हात चोळले का, ते दिसलेलं नसतं. चौकट रिकामी राहते आणि रात्री एक्सेलमध्ये तिचं शून्य होतं. न दिसलेल्या गोष्टीचा ठपका सिस्टरवर!

समजा 40 संधी होत्या. 18 वेळा केले, 10 वेळा नाही, 12 वेळा दिसलं नाही. 40 ने भागलं तर 45 टक्के, 28 ने भागलं तर 64. म्हणून ‘दिसले नाही’ हा तिसरा रकाना हवाच. पण 64 वरही खूश होऊ नका. गर्दी गंभीर रुग्णाभोवतीच होते, त्यामुळे न दिसलेल्या संधी बहुतेक लाल विभागातल्या, म्हणजे सर्वांत गंभीर रुग्णांच्या, निघतात आणि तुमचे 64 टक्के निवांत रुग्णांचे ठरतात. न दिसलेल्यांचा आकडा लाल, पिवळा, हिरवा असा वेगळा द्या. तो मोठा आला तरी घाबरू नका. परीक्षकाला लपवलेला आकडा खटकतो, मोठा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत एक सत्र साधारण 20 मिनिटांचं असतं, दहा मिनिटं कमीजास्त चालतात, आणि एका वेळी जास्तीत जास्त तिघांवर नजर. कॅज्युअल्टीत एकाच सिस्टरपासून सुरुवात करा. कोणी बघतंय म्हटल्यावर माणसं नीट वागतात. म्हणून सुरुवातीच्या काही सत्रांच्या नोंदी विश्लेषणात घेऊ नका, आणि हे संशोधनाच्या प्रस्तावातच लिहा.

फक्त मॉर्निंग ड्युटीत डेटा गोळा करायला सांगणारे गाइड (प्रबंधाचे मार्गदर्शक) भेटतात. ती त्यांची सोय आहे. नाईटला माणूसबळ निम्म्यावर आलं की काम कसं होतं, ते त्यात येणारच नाही. सीसीटीव्हीवर भागवायचा मोहही नको. पडदा कॅमेऱ्यालाही आडवाच येतो, वर परवानगीचा प्रश्न वेगळा.

चुकीचं इंजेक्शन भरलं जाताना दिसलं तर पेन खाली ठेवा आणि थांबवा. ते सत्र बाद झालं तरी चालेल. मात्र असं कधी मध्ये पडणार, हे एथिक्स कमिटीच्या अर्जात आधीच लिहिलेलं असू द्या आणि इनचार्ज सिस्टरलाही सांगून ठेवा.