रातांब्याच्या दिवसांत लेकीला पाळीबद्दल कसं सांगावं

अकरा वर्षांची होते. लावणी चालली होती, मी पोटरीभर चिखलात, हातात रोपांची मूठ. मांडीवरून काहीतरी ओघळलं, बघते तर रक्त. मला वाटलं जळू लागली. बांधावर येऊन फ्रॉक वर करून जळू शोधत बसले. काकीने पाहिलं, अंगावर घोंगडी टाकली आणि घरी नेलं. "हिला कावळा शिवला गो," एवढंच आजीला म्हणाली. तीन दिवस पडवीच्या कोपऱ्यात बसून मी आठवत होते, कुठला कावळा, कधी शिवला. खरं काय ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण काही वाईट केलंय अशीच समजूत झाली होती.

आज गुहागर तालुक्यात आरोग्याच्या कामाची आशा सेविका म्हणून वाड्यावाड्यांतून फिरते त्याला चौदा वर्षं झाली. मुली आता शाळेत पाठ शिकतात, मोबाइल बघतात, तरीही पहिल्या दिवशी घाबरून रडलेली पोर दर वर्षी भेटते. म्हणून आयांना, आत्यांना, मावश्यांना माझं एकच सांगणं असतं: पाळी आल्यावर नको, येण्याआधी बोला.

आधी म्हणजे कधी? साधारण दहा ते पंधरा या वयात पाळी सुरू होते. मुलीचं शरीर आधी सूचना देतं. छातीत छोटी, दुखरी गाठ लागते, काखेत केस येतात, उंची भराभर वाढते. गाठ लागल्यापासून बहुधा दोनेक वर्षांत पाळी येते. निकरवर पांढरट डाग दिसायला लागले की काही महिनेच उरले असं समजा. मी मात्र एवढं थांबत नाही. चौथीची परीक्षा झाली की त्याच मे महिन्यात बोलून घेते.

समोर बसवून, दार लावून बोलू नका, पोरगी घाबरते. हात कामात असले की बोलणं सोपं होतं, डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. माझ्या भाचीशी मी आमसुलं करताना बोलले. दोघी ओटीवर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होतो, बोटं लालभडक. तिला विचारलं, "आपण खळं कसं करतो गो?" तिला ठाऊक होतं: दिवाळीच्या सुमारास माती घालायची, चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायचं. पावसाळ्यात ते वाहून जातं, पुढच्या वर्षी परत नवं. म्हटलं, तुझ्या पोटात खाली गर्भाशय आहे, तुझ्या मुठीपेक्षा मोठं नाही. त्याच्या आतून दर महिन्याला असंच मऊ सारवण होतं, बाळ आलंच तर त्याला रुजायला जागा हवी म्हणून. बाळ नसलं की ते सारवण सुटून रक्ताबरोबर खाली येतं. तीच पाळी. ते रक्त घाण नसतं, विटाळही नसतो.

तिचा पहिला प्रश्न, "आत्ये, सगळं रक्त संपलं तर?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मुलीच्या मनात असतो, विचारत मात्र थोड्याच. मी पोहे खायचा मोठा चमचा आणला आणि रातांब्याचा रस वाटीत ओतून दाखवला. एक, दोन, तीन. पाच दिवसांचं मिळून साधारण एवढंच. दिसताना फार वाटतं, कारण कपड्यावर पसरतं. काहींना याहून थोडं जास्त जातं, तेही चालतं. पहिल्या वेळी तर नुसते तपकिरी ठिपकेही असू शकतात.

मग तोच रस पॅडवर ओतायला लावला, म्हणजे किती शोषतं ते कळलं. पॅड तिच्याच हातात द्या, तिलाच निकरवर लावू द्या. चिकट बाजू कपड्याला, मऊ बाजू अंगाला. हे सांगायची काय गरज असं वाटेल, पण एका मुलीने पॅड उलटा लावून आख्खा दिवस सोसल्याचं मी पाहिलंय. दर चार ते सहा तासांनी बदलायचा, भरलेला नसला तरी. धुताना पुढून मागे, नुसत्या पाण्याने, आत साबण नको. डागाला थंड पाणी, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो.

कपडा की पॅड, यावर आमच्याकडे वाद होतात. सुती कपडा चांगलाच, साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवला तर. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन कुठे असतं? लाजेने साडीखाली, न्हाणीमागे वाळत घातलेला कपडा चार दिवस ओलाच राहतो, कुबट होतो, मग खाज आणि पुरळ. म्हणून मी सांगते, पावसाळ्यात पॅड वापरा, दिवाळीनंतर हवं तर कपडा, आणि दोरीवर उघडा वाळू दे. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड 2019 पासून एक रुपयाला एक मिळतो. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या. संडासात टाकला तर तुंबतो, पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकला तर खाडीत जातो. त्यात प्लास्टिक असतं, ते कुजत नाही.

दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक छोटी पिशवी आजच ठेवा: दोन पॅड, एक निकर, जुना पेपर. आमची मुलं एसटीने नऊला निघतात, साडेपाचला परततात. एवढ्या वेळात पॅड बदलावाच लागतो, म्हणजे शाळेच्या संडासाला कडी हवी, पाणी हवं. शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. त्या खुर्चीवर बसून कडीची गोष्ट काढा. आम्ही तीन बैठका तेच बोललो, मग कडी लागली.

पोटात दुखलं तर गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं. गर्भाशय आकसून आतलं बाहेर ढकलतं, म्हणून कळ येते. अंघोळ करावी, लोणचं खावं, खेळावं. लोणचं बुरसतं ते ओल्या चमच्याने, पाळीतल्या हाताने नाही. कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, तिसऱ्या (शिंपल्या), तारली मासळी ताटात असू दे, वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोर फेकत नाही ना, ते विचारा.

आता अवघड गोष्ट. गणपती आले की बाया माझ्याकडे पाळी लांबवायची गोळी मागतात, कोवळ्या मुलींसाठीसुद्धा. मी देत नाही. डॉक्टरांना न दाखवता कोणीही देऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्यांचं सोवळं मला माहीत आहे, त्यांच्याशी भांडत बसा असंही म्हणत नाही. पण पोरीला पडवीत एकटी बसवू नका, जमिनीवर नुसत्या गोणपाटावर निजवू नका. माझ्या घरात मी हे बंद केलं. सासूबाई दोन वर्षं बोलल्या नाहीत, नंतर बोलायला लागल्या.

आणखी एक सांगायचंच: पाळी आली म्हणजे शरीर गर्भ धरू शकतं, म्हणून नको तो स्पर्श कुणीही केला तर तिने घरी येऊन सांगायचं. पण पाळी आली म्हणजे लग्नाचं वय झालं नाही. ते कायद्याने अठरा आहे.

पहिली दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात, त्याची काळजी नको. कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंब करायला शिकवा. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांहून जास्त जात असेल, तीन महिने मध्ये काहीच नसेल, दुखण्याने शाळा बुडत असेल किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर दवाखान्यात न्या. आठव्या वर्षाच्या आतच आली तर लगेच न्या.

भाचीला श्रावणात आली. वहिनी बाजारात गेली होती, घरात भाऊ एकटा. तिने बापालाच सांगितलं, पिशवी काढली, पॅड लावला, आणि मला फोन केला.

"आत्ये, आली. रातांब्यासारखीच आहे, जरा काळपट."